बुरशी मारायची, नवी किडनी जपायची

काकांनी पाण्याचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "ताई, हे बगा." बोटं बारीक थरथरत होती, वीज गेल्यावर पंख्याची पाती थांबता थांबता हलतात तशी. "आठ दिस झालं. बशीतला निम्मा चहा अंगावर सांडतोय." सांगोल्याकडचे डाळिंबाचे शेतकरी. काकूंनी दिलेली किडनी बसून दहा महिने झाले होते. काकू मागेच उभ्या होत्या, औषधांची पिशवी पोटाशी धरून.

मी पिशवी कट्ट्यावर ओतली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनची औषधं, बीपीची गोळी, सगळं नेहमीचं. त्यात एक स्ट्रिप नवी होती, व्होरिकोनाझोल, बुरशीवरचं औषध. खोकला हटेना म्हणून काका जवळच्या शहरात छातीच्या डॉक्टरांना दाखवायला गेले होते. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठ दिसली, दुर्बिणीनं घेतलेल्या नमुन्यात ॲस्परजिलस नावाची बुरशी निघाली आणि औषध सुरू झालं. औषध बरोबर, डोसही बरोबर. सोबतचं टॅक्रोलिमस कमी करायचं तेवढं राहून गेलं, आणि ते रक्तात साठत गेलं.

त्यांना तसंच ओपीडीत नेलं. संध्याकाळची टॅक्रोची गोळी थांबवली, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढलं. शेवटच्या गोळीला 24 तास उलटून गेले होते, तरी 7-8 च्या आसपास हवी ती टॅक्रोची रक्तातली लेव्हल 22 निघाली. किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन 1.3 वरून 2.4 वर गेलं होतं. काकूंची किडनी दुखावली होती, आणि ती बुरशीनं दुखावली नव्हती.

मी प्रत्यारोपण विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रोज या गोळ्यांशीच माझा व्यवहार. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या शरीरात बुरशी खोलवर शिरली की उपचार म्हणजे काय काय असतं, ते इथे सांगायचा प्रयत्न करते. रुग्णाच्या घरच्यांनी हे समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं. डॉक्टर बदलतात, गावं बदलतात, पण गोळ्यांची पिशवी घरच्यांच्याच हातात असते.

श्वासागणिक येणारी

लोणच्यावर पांढरा थर धरतो, पावसाळ्यात चपलांना हिरवट बुरा येतो, पावावर काळी लव उगवते. बुरशी आपल्या घरात अशी कायमच असते. तिचे बीजाणू हवेत तरंगतात. ॲस्परजिलसचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे फुफ्फुसातल्या शेवटच्या फुग्यापर्यंत सहज पोचेल इतका लहान. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळातही काही बीजाणू आत गेले असतील. धडधाकट माणसाच्या फुफ्फुसातल्या पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात आणि आपल्याला कळतही नाही.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं गणित वेगळं. दुसऱ्याची किडनी, यकृत किंवा हृदय शरीरानं परकं म्हणून नाकारू नये यासाठी त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. ही औषधं आयुष्यभर चालतात. जो पहारेकरी नवा अवयव हाकलून लावेल, तोच बुरशीलाही अडवत असतो. त्याला झोपवल्यावर दोन्ही दारं उघडी पडतात. त्यात टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड दोन्ही साखर वाढवतात. आधी मधुमेह नसलेल्या कित्येकांना प्रत्यारोपणानंतर तो जडतो, आणि वाढलेली साखर काही बुरशींना भलतीच मानवते.

सगळ्यांना सारखा धोका नसतो. अमेरिकेत 2001 ते 2006 या काळात 23 प्रत्यारोपण केंद्रांनी मिळून मोठी पाहणी केली. पहिल्या वर्षभरात खोलवरचा बुरशीसंसर्ग होण्याचं प्रमाण किडनीच्या रुग्णांत 1.3 टक्के, यकृताच्या रुग्णांत 4.7, फुफ्फुसाच्या 8.6 आणि लहान आतड्याच्या 11.6 टक्के निघालं. फुफ्फुसाचं कारण उघड आहे, तो एकच अवयव बसवल्या क्षणापासून बाहेरच्या हवेला उघडा असतो. किडनीचा आकडा लहान दिसतो. पण आपल्याकडे प्रत्यारोपणांत किडनीचीच संख्या सर्वांत मोठी, म्हणून प्रत्यक्ष वॉर्डात दिसणारे बहुतेक रुग्ण किडनीचेच.

काळाचाही एक ठोकताळा आहे. पहिल्या महिन्यात त्रास होतो तो बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा. शस्त्रक्रियेची जखम, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन, लघवीची नळी या तिच्या वाटा. काही वेळा अवयव ज्या द्रावात जपून आणतात त्यातच ती असते, आणि नव्या किडनीची रक्तवाहिनी जिथे जोडली त्या टाक्यावर घर करते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर ती वाहिनी फुटून जिवावर बेततं. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत औषधांचा दाब सगळ्यात जास्त असतो. ॲस्परजिलस आणि न्यूमोसिस्टिस या बुरशींचा हा काळ. क्रिप्टोकोकस हा बुरशीचा आणखी एक प्रकार सहसा उशिरा येतो, अगदी काही वर्षांनीही. काकांना दहाव्या महिन्यात ॲस्परजिलस झाला, तेव्हा ठोकताळ्यावर फार विसंबून राहू नये हेही खरंच.

ओळखायला अवघड, मारायला त्याहून

दाबलेल्या प्रतिकारशक्तीत ताप येईलच असं नाही. ताप, सूज, पू ही सगळी आपल्या पेशींच्या लढाईची चिन्हं. लढणारेच झोपलेले असतील तर बुरशी गाजावाजा न करता वाढते. म्हणून तीन आठवडे टिकलेला कोरडा खोकला, एका बाजूचं नाक बंद होऊन गाल बधिर वाटणं, रोज सकाळी वाढत जाणारी डोकेदुखी अशा साध्या तक्रारींकडे आम्ही डोळे वटारून बघतो.

आणि 'बुरशी आहे' एवढं कळून भागत नाही, कोणती ते कळावं लागतं. नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ॲस्परजिलसचे धागे बारीक, मध्ये मध्ये पडदे असलेले, पिंपळाच्या पानातल्या शिरांसारखे तिरके फुटलेले दिसतात. म्युकरचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे, धागे रुंद, पडदे जवळजवळ नसलेले, चुरगळलेल्या रिबिनीसारखे, आणि फाटे साधारण काटकोनात. ही दहा मिनिटांची तपासणी पुढच्या तीन महिन्यांची दिशा ठरवते, कारण काकांना दिलेलं व्होरिकोनाझोल म्युकरवर अजिबात चालत नाही. रक्तात किंवा फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाची बुरशीची साखर शोधायची तपासणी असते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत रक्तापेक्षा फुफ्फुसाच्या पाण्यातला तिचा निकाल जास्त भरवशाचा. म्युकरमध्ये मात्र ती सापडत नाही. त्यामुळे 'गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह, म्हणजे बुरशी नाही' असं म्हणून घरी निघून येऊ नये. शक्य असेल तिथे तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हीच पक्की खूण.

आता औषधांकडे वळू. जिवाणूंसाठी अँटिबायोटिक्सचे डझनभर प्रकार आहेत, बुरशीसाठी इनमीन चार. याचं कारण ऐकून लोकांना नवल वाटतं. उत्क्रांतीच्या झाडावर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, जवळची आहे. तिची पेशी आतून बरीचशी आपल्या पेशीसारखी चालते. तिला लागेल ते विष आपल्यालाही लागतं. म्हणून तिच्यात आहे आणि आपल्यात नाही अशी जागा शोधून तिथेच घाव घालावा लागतो.

अशा दोन जागा मुख्य. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. आणि बुरशीच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते, आपल्याला नसते. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि पडदा गळका करतं. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, इसावुकोनाझोल ही 'अझोल' मंडळी एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन, ॲनिड्युलाफंगिन ही भिंतीच्या विटा बंद करतात. चौथं फ्लुसायटोसिन, ते मुख्यतः क्रिप्टोकोकसच्या मेंदूज्वरात ॲम्फोटेरिसिनच्या जोडीला लागतं. गंमत अशी की न्यूमोसिस्टिस ही बुरशीच, पण तिच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नाही. त्यामुळे ॲम्फोटेरिसिन आणि अझोल दोन्ही तिच्यावर फुकट. तिला लागू पडतं ते साधं को-ट्रायमोक्साझोल, रुग्ण ज्याला 'सेप्ट्रान' म्हणून ओळखतात ते. प्रत्यारोपणानंतर पहिले सहा महिने ते वर्षभर ही गोळी देतात ती त्यासाठीच. 'आता लघवीला जळजळ नाही, मग सेप्ट्रान कशाला' म्हणून ती परस्पर बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. कृपा करून करू नका.

कॅन्डिडा रक्तात सापडली की भिंतीवर मारा करणाऱ्या औषधांपैकी एक सलाइनमधून सुरू करतात. या औषधांची गोळी नसते. सेंट्रल लाइन काढता आली तर काढतात, कारण बुरशी प्लास्टिकवर थर धरून बसते आणि तिथे औषध पोचत नाही. रक्त बुरशीमुक्त झाल्याच्या तारखेपासून पुढे 14 दिवस मोजायचे, औषध सुरू केलं त्या तारखेपासून नव्हे. डोळ्याचा पडदाही तपासून घेतात, कारण कॅन्डिडा तिथे जाऊन बसते आणि ही औषधं डोळ्यात नीट पोचत नाहीत. लघवीतही पोचत नाहीत. नुसत्या लघवीच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा आली आणि माणसाला काही त्रास नसेल, तर बऱ्याचदा औषधाची गरजच नसते, नळी काढली की पुरतं. रिपोर्ट हातात घेऊन घाबरून गोळ्या सुरू करू नयेत.

क्रिप्टोकोकसबद्दल थोडक्यात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत तो वाढतो, श्वासातून आत जातो आणि त्याची ओढ मेंदूच्या आवरणाकडे. कंबरेतून पाणी काढून निदान होतं, आणि त्या पाण्याचा दाब वाढलेला असेल तर ते पुन्हा पुन्हा काढून दाब उतरवणं हाही उपचाराचाच भाग. मग निदान दोन आठवडे ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन, पुढे आठ आठवडे मोठ्या डोसात फ्लुकोनाझोल, आणि त्यापुढे सहा महिने ते वर्षभर लहान डोसात. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून रस्त्यावर आणि कोर्टात वाद झाला तेव्हा आमच्या रुग्णांनी फोन करून विचारलं, आमच्या खिडकीत कबुतरं येतात, काय करू? मी सांगितलं, जाळी लावून घ्या आणि घाण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ओल्या फडक्यानं पुसू द्या, तुम्ही झाडू नका. दादरचा कबुतरखाना उघडा असो की बंद, आपल्या खिडकीची जाळी आपल्या हातात आहे.

सहा बाटल्यांचा दिवस

म्युकरवर मात्र थांबून बोलायला हवं. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडनंतर 'काळी बुरशी' म्हणून सगळ्या महाराष्ट्रानं तिचं नाव ऐकलं. आम्हाला ती त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत. अनियंत्रित मधुमेह आणि किडनी प्रत्यारोपण ही तिची आपल्याकडची जुनी ठिकाणं.

म्युकर रक्तवाहिनीत शिरते. वाहिनी गुठळीनं बंद पडते, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. काळा रंग बुरशीचा नसतो, मेलेल्या मांसाचा असतो. आणि जिथे रक्त नाही तिथे रक्तातून जाणारं औषधही पोचत नाही. म्हणून म्युकरमध्ये शस्त्रक्रिया ही औषधाच्या बरोबरीची असते. मेलेला भाग काढावाच लागतो, एकदा, दोनदा, कधी चारदा. नाकाच्या पोकळ्यांमधली म्युकर लवकर सापडली तर डोळा वाचतो. सोमवारी नेऊ म्हणून शनिवार-रविवार काढला, की तो जाऊ शकतो.

औषध म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, किलोमागे रोज निदान 5 मिलिग्रॅम. हिशेब करून बघा. साठ किलोच्या माणसाला रोज 300 मिलिग्रॅम. एका बाटलीत 50, म्हणजे रोज सहा बाटल्या. दोन आठवड्यांत 84. हे मांडायचं कारण, 2021 च्या मे महिन्यात एकेका बाटलीसाठी लोक शहराशहरांतून धावत होते, तेव्हा एका रुग्णाच्या एका दिवसालाच सहा लागतात हे फार थोड्यांना माहीत होतं.

ती बाटली तयार करायची मोठी नजाकत आहे. पिवळसर भुकटीत इंजेक्शनचं पाणी घालायचं आणि अर्धा मिनिट जोरात हलवायचं, गुठळी राहता कामा नये. मग बारीक गाळणीतून ते पाच टक्के ग्लुकोजच्या सलाइनमध्ये सोडायचं. मिठाच्या सलाइनमध्ये घातलं की औषध साकळतं, आणि सगळी बाटली वाया. आणि त्याच माणसाला, औषधाच्या आधी, वेगळ्या नळीतून मिठाचं सलाइन द्यायचं, कारण त्यानं किडनी वाचते. नव्या सिस्टरांना हे सांगताना मी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवते आणि हात लावून दाखवते: ही किडनीसाठी, ही औषधासाठी. दोन्हींत गल्लत नको.

किडनी वाचते असं म्हटलं, कारण ॲम्फोटेरिसिन किडनीला मारक आहे. किडनीच्या वाहिन्या आवळतं, नलिका दुखावतं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून नेतं. ज्या माणसानं डायलिसिसच्या काळात नारळपाण्याकडे बघायचंसुद्धा टाळलं, त्यालाच आता आम्ही पोटॅशियमचं सिरप पाजतो, आणि तो आमच्याकडे अविश्वासानं बघतो. समजावून सांगावं लागतं. जुन्या साध्या ॲम्फोटेरिसिननं हुडहुडी भरून पलंग हलायचा आणि किडनीचं नुकसान फार व्हायचं. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलं की हा त्रास बराच कमी होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर केलेलं काम या बाबतीत आपल्याला अभिमान वाटावं असं आहे. परदेशी बाटलीवर अवलंबून राहणं ज्याला परवडणार नाही, त्या रुग्णासाठी ते काम होतं.

म्युकर आटोक्यात आली की सलाइन थांबवून पोसाकोनाझोल किंवा इसावुकोनाझोलच्या गोळ्या सुरू करतात, आणि त्या महिनोन्महिने चालतात. इथे आपण परत काकांच्या थरथरत्या बोटांशी येतो.

एकाच दारातून दोघं

टॅक्रोलिमस शरीरातून बाहेर कसं जातं? यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात एक विकर असतं, सीवायपी-3ए4 त्याचं नाव. ते टॅक्रोलिमसचे तुकडे करतं. घरातल्या मोरीसारखं समजा. रोज जेवढं पाणी ओततो, तेवढं वाहून जातं आणि पातळी स्थिर राहते. अझोल औषधं ही मोरी तुंबवतात. तुम्ही रोजच्याइतकंच ओतत राहता आणि पाणी घरभर पसरतं. व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक-तृतीयांशावर आणावा लागतो आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी लेव्हल बघून जुळवावा लागतो. फ्लुकोनाझोलचा परिणाम त्यामानाने कमी, डोस वाढेल तसा वाढणारा. इसावुकोनाझोलचाही सौम्य. सिरोलिमस नावाचं प्रतिकारशक्तीचं औषध चालू असेल तर व्होरिकोनाझोल देऊच नये असा नियम आहे. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीसाठी चघळायला देतात ती क्लोट्रिमॅझोलची गोळीसुद्धा लेव्हल चढवते, निस्टॅटिन मात्र नाही. आणि गणपतीत प्रसादाला येतं ते पपनस! तेही हीच मोरी तुंबवतं. आमच्या रुग्णांना मी श्रावणातच सांगून ठेवते.

ही तुंबणारी मोरी डॉक्टरांनी पूर्वी कामालाही लावली होती. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध परवडत नसे तेव्हा काही ठिकाणी सोबत मुद्दाम केटोकोनाझोल नावाचं अझोल देत, म्हणजे निम्म्याहून कमी गोळ्यांत लेव्हल मिळे आणि शेतकऱ्याचे पैसे वाचत. जाणून केलं तेव्हा आधार झाला. नकळत झालं की काय होतं ते काकांच्या हातांनी दाखवलं.

उलटी बाजूही आहे, आणि आपल्या देशात ती विसरून चालणार नाही. टीबीचं रिफाम्पिसिन हीच मोरी रुंद करतं. टॅक्रोलिमस वाहून जातं, व्होरिकोनाझोल तर जवळजवळ उरतच नाही, म्हणून ती दोन औषधं एकत्र देत नाहीत. प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या फुफ्फुसात डाग दिसला आणि 'टीबीच असेल' म्हणून अंदाजानं उपचार सुरू केले, तर बुरशी वाढते ती वाढतेच, शिवाय किडनी नाकारली जाण्याचा धोका. आधी नमुना काढा, असं आम्ही हट्टानं म्हणतो ते यासाठी.

व्होरिकोनाझोलची स्वतःची लेव्हलही मोजावी लागते. दर लिटरला 1 ते 5.5 मिलिग्रॅमच्या दरम्यान हवी. कुणाचं यकृत ते पटकन फोडतं, कुणाचं सावकाश, आणि हे जन्मजात असतं. एकच डोस एकाला अपुरा, दुसऱ्याला जास्त. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. सुरुवातीला अर्धा तास रंग वेगळे दिसतात, दिव्याभोवती वलयं दिसतात, हे आधी सांगितलं की माणूस घाबरत नाही. लेव्हल जास्त झाली तर भिंतीवर माणसं दिसतात. एका आजींनी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही, म्हातारपण आलं असं समजून गप्प बसल्या. रात्री कुणी दिसतं का, असं आता मी प्रत्येकाला थेट विचारते. उन्हानं कातडी भाजते, म्हणून शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि टॉवेल.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती कमी करायची? बुरशी हरवायची तर पहारेकऱ्याला थोडं जागं करायलाच हवं, औषध एकटं पुरत नाही. सहसा मायकोफेनोलेट आधी थांबवतात, टॅक्रोलिमस खाली आणतात, स्टेरॉइड लहान डोसात राहू देतात. पण जास्त जागं केलं तर तो किडनीवर धावून जातो. क्रिप्टोकोकसमध्ये तर अचानक जाग आणली की मेलेल्या बुरशीवरच पेशी तुटून पडतात, मेंदूभोवती सूज वाढते आणि उपचार फसतोय असं वाटतं, म्हणून औषधं एकदम न थांबवता टप्प्याटप्प्यानं कमी करतात. किडनीच्या रुग्णाकडे एक मागचा दरवाजा असतो, डायलिसिस. म्युकर जिवावर उठली असेल तर किडनी गेली तरी चालेल, माणूस वाचवू, असा निर्णय घेता येतो. यकृत आणि हृदयाच्या रुग्णाला तो दरवाजा नाही. हा निर्णय घेताना मी डॉक्टरांना गप्प बसलेलं पाहिलंय. ज्या बायकोनं किंवा आईनं किडनी दिली ती समोर बसलेली असते, आणि तिला सांगायचं असतं की तुमची किडनी कदाचित आम्हाला सोडून द्यावी लागेल. यावर मला कुठलंही सोपं वाक्य सुचत नाही. एवढंच जाणते की दात्याला त्या खोलीत बोलावून सांगायला हवं, दाराबाहेर उभं ठेवून नव्हे.

या औषधांच्या जन्मकथांचं मला नेहमी अप्रूप वाटतं. टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूतून मिळालं. ॲम्फोटेरिसिन 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या, त्याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूतून. आणि सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या चक्क एका बुरशीतून. मातीनंच दिलेलं सगळं. तरीही रुग्णांना मी मातीपासूनच लांब राहा म्हणते. शेणखत उकरणं, भिजलेला कडबा हलवणं, दिवाळीच्या आधी माळा झाडणं, जुन्या घराची भिंत पाडताना शेजारी उभं राहणं ही कामं पहिलं वर्ष तरी दुसऱ्याला द्या, करावीच लागली तर चांगला एन-95 मास्क लावून. शेतकऱ्याला हे सांगणं सोपं नाही. काका म्हणाले, "मग मी करू काय?" मी म्हटलं, हिशेब करा, बागेचा आणि गोळ्यांचा.

आणि त्यांनी तो केला. दोनशे पानी वही, उभ्या रेघा मारून. तारीख, टॅक्रो सकाळी किती, संध्याकाळी किती, लेव्हल, क्रिएटिनिन, व्होरिकोनाझोलची गोळी घेतली की नाही. रक्त द्यायच्या दिवशी गोळी आधी घ्यायची नाही, आधी रक्त मग गोळी, हे पहिल्या पानावर लाल शाईत. डोस एक-तृतीयांशावर आला, बोटं दहा दिवसांत थांबली, क्रिएटिनिन महिन्याभरात 1.5 पर्यंत उतरलं. ॲस्परजिलसचा उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतो. त्यांचा चौदा आठवडे चालला, कारण सीटीतली गाठ सावकाश आक्रसत होती.

मला खरी काळजी होती ती शेवटच्या दिवसाची. मोरी तुंबवणारं औषध बंद झालं की दोन-चार दिवसांत ती मोकळी होते, आणि एक-तृतीयांशावर आणलेला टॅक्रोचा डोस अचानक फार तोकडा पडतो. पोसाकोनाझोल आणि इसावुकोनाझोल शरीरात जास्त दिवस रेंगाळतात, तिथे हीच घसरण उशिरा आणि हळूहळू येते. बुरशी बरी झाल्याच्या आनंदात घरचे पेढे वाटतात, पुढची तारीख महिन्यानंतरची मिळते, आणि मधल्या काळात कुणाला न कळता किडनी नाकारली जाते. सुरू करताना लेव्हल बघणारे बरेच लोक थांबवताना बघत नाहीत.

काकांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. "ताई, त्या बुरशीच्या पाकिटातली ही शेवटची गोळी हाय. आज घेतली की उद्यापासनं बंद. मग टॅक्रो उद्यापासनं किती घ्यायची? आन् रक्त कधी द्यायला येऊ, शुक्रवारी का आदीच?" मागून काकूंचा आवाज आला, वहीत लिहून घ्या आधी.